वर जाणाऱ्या नाण्यावर कोणते बल असते?

एक नाणे सरळ वर फेकले आहे. ते हातातून सुटले आहे, पण सर्वांत वरच्या बिंदूपर्यंत अजून पोहोचलेले नाही. म्हणजे ते वर जात आहे. या क्षणी त्याच्यावर कोणकोणती बले कार्य करत आहेत आणि कोणत्या दिशेने? हवेचा अवरोध विचारात घ्यायचा नाही. भौतिकशास्त्राची पहिली पायरी चढलेल्या प्रत्येकाला मी हा प्रश्न विचारतो, कारण न्यूटनचे तीन नियम नुसते पाठ आहेत की खरोखर पटलेले आहेत, हे या एका प्रश्नातून जितके स्वच्छ कळते तितके पानभर उदाहरणे सोडवून घेतल्यानेही कळत नाही.

बहुतेक उत्तरांत दोन बले येतात: हाताने दिलेले वरच्या दिशेचे बल आणि गुरुत्वाकर्षणाचे खालच्या दिशेचे बल. मग पुढची हकिकत ओघानेच येते. वर जाताना हाताचे बल मोठे असते, ते हळूहळू खर्च होत जाते, शिखरावर दोन्ही बले समान होतात म्हणून नाणे क्षणभर थांबते, आणि नंतर गुरुत्वाकर्षण वरचढ ठरून ते खाली येऊ लागते. ही हकिकत सुसंगत आहे, ऐकायला समाधानकारक आहे आणि साफ चुकीची आहे. हातातून सुटल्यापासून परत हातात पडेपर्यंत नाण्यावर एकच बल असते, ते म्हणजे त्याचे वजन. ते खालच्याच दिशेने असते आणि सगळा वेळ सारखेच असते. जॉन क्लेमेंट या संशोधकाने 1982 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हाच प्रश्न विचारला होता, आणि यांत्रिकीचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यानंतरही त्यांतील बहुसंख्य विद्यार्थी वरच्या दिशेचे बल दाखवतच राहिले. तेव्हा हा गोंधळ आळशी किंवा मंद विद्यार्थ्यांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही.

नाण्याकडे जरा जवळून पाहू. समजा ते 5 ग्रॅमचे आहे आणि हाताने ते 20 सेंटीमीटर अंतरात शून्यापासून सेकंदाला 5 मीटर या वेगापर्यंत नेले. या अंतरात त्याचे सरासरी त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, सुमारे 62 मीटर प्रति सेकंद वर्ग भरते, आणि त्यासाठी हाताला नाण्याच्या वजनाच्या सातपटींहून थोडे अधिक बल लावावे लागते. बोटांचा स्पर्श सुटला त्या क्षणी हे बल शून्य झाले. ते मागे रेंगाळत नाही आणि नाण्याबरोबर प्रवासही करत नाही. नाण्याजवळ उरतो तो वेग. त्यानंतर गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला 9.8 मीटर प्रति सेकंद या दराने त्या वेगातून वजाबाकी करत राहते. अर्ध्या सेकंदाच्या जरा पुढे वेग शून्य होतो, तोवर नाणे सुमारे 1.27 मीटर वर गेलेले असते, आणि तीच वजाबाकी पुढे चालू राहिली की वेग खालच्या दिशेचा होतो. शिखरावर काही विशेष घडत नाही. तेथे वेग शून्य असतो, त्वरण मात्र पूर्वीइतकेच असते. तेही शून्य झाले असते, तर नाणे तेथून हललेच नसते आणि कायमचे हवेत टांगून राहिले असते.

वरच्या दिशेचे बल दाखवणाऱ्याला मी एवढेच विचारतो, की हे बल लावते कोण? तिसऱ्या नियमाचा हा उपयोग क्वचितच सांगितला जातो. क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध असतात हे घोकून झालेले असते, पण त्याचा अर्थ असा की बल नेहमी दोन वस्तूंमध्ये असते, एका वस्तूत कधीच नसते. पृथ्वी नाण्याला खाली ओढते, तेव्हा नाणेही पृथ्वीला तितक्याच बलाने वर ओढते. जोडी पूर्ण झाली. हाताच्या शिल्लक राहिलेल्या बलाची जोडी कोणाबरोबर लावायची? हात तर स्पर्शात नाही, हवा आपण वगळलेली आहे. ज्या बलाला लावणारा सापडत नाही ते बल आकृतीतून खोडून टाकावे, हा नियम पाळला तरी सुरुवातीच्या निम्म्या चुका आपोआप टळतात. (टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाचे वजन आणि टेबलाने त्याला दिलेला आधार ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नव्हे, हेही याच कसोटीवर लक्षात येते: ती दोन्ही बले एकाच पुस्तकावर आहेत.)

वस्तूत बल साठून राहते या कल्पनेला मोठी परंपरा आहे, आणि तिच्यामागे अत्यंत बुद्धिमान माणसे उभी आहेत. ॲरिस्टॉटलच्या मते जड वस्तूची खाली जाण्याची गती स्वाभाविक होती, आणि बाकी हालचालीला सतत काहीतरी ढकलणारे लागत असे. मग हातातून सुटलेला दगड पुढे का जातो? याचे त्याचे उत्तर असे की भोवतीची हवाच दगडाला पुढे नेत राहते. सहाव्या शतकात जॉन फिलोपोनस याने या उत्तरावर कठोर टीका केली आणि फेकणारा वस्तूलाच एक प्रेरक शक्ती देतो असे सुचवले. चौदाव्या शतकात पॅरिसच्या जाँ ब्युरिदाँ याने त्या विचाराला नेमके रूप दिले. हवेच्या सिद्धान्ताविरुद्ध त्याने दिलेली उदाहरणे आजही वाचण्यासारखी आहेत. भोवरा एकाच जागी फिरतो. तो जागाच सोडत नाही, तर मागची हवा त्याला ढकलणार कशी? आणि भाल्याचे मागचे टोकही पुढच्यासारखे अणकुचीदार केले, तर हवेला ढकलायला पृष्ठभागच उरत नाही, तरी भाला तितकाच उडतो. ब्युरिदाँने या शक्तीला ‘इम्पेटस’ म्हटले आणि ती द्रव्याच्या प्रमाणावर व वेगावर अवलंबून असते असे सांगितले. हे वाचून आपल्याला संवेगाची, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग या राशीची, आठवण होते. फरक एवढाच, पण तो निर्णायक आहे, की ब्युरिदाँसाठी इम्पेटस हे गतीचे कारण होते, टाकीतल्या इंधनासारखे. संवेग हे फक्त गतीचे माप आहे, ते कशाचेही कारण नाही. नाण्याच्या प्रश्नाला चुकीचे उत्तर देणारा विद्यार्थी ब्युरिदाँचेच यांत्रिकशास्त्र स्वतःच्या अनुभवातून नव्याने शोधत असतो, आणि म्हणून त्याच्यावर रागावण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

गॅलिलिओने प्रश्नच बदलला. त्याने उतारावरून गोळा सोडला की तो वेग घेतो, चढावर ढकलला की वेग गमावतो. मग जेथे उतारही नाही आणि चढही नाही, तेथे तो वेग घेणारही नाही आणि गमावणारही नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. घर्षण पूर्णपणे काढून टाकलेला पृष्ठभाग त्याच्याजवळ नव्हता, आपल्याजवळही नाही. पण पृष्ठभाग जसजसा गुळगुळीत होतो तसतसा गोळा लांब जातो, आणि ही मालिका कोणीकडे चालली आहे हे पाहण्याचे धाडस महत्त्वाचे होते. गॅलिलिओसाठी ‘सपाट’ याचा अर्थ पृथ्वीच्या पृष्ठभागाला समांतर असा होता, म्हणजे त्याची न थांबणारी गती खरे तर पृथ्वीभोवतीची वर्तुळाकार गती होती. ती सरळ रेषेत असते, हे रने देकार्तने 1644 मध्ये स्पष्टपणे मांडले. न्यूटनच्या 1687 च्या ‘प्रिन्सिपिया’त तो पहिला नियम म्हणून आला: कोणतीही वस्तू आपली स्थिर अवस्था किंवा सरळ रेषेतील एकसमान गती टिकवून धरते, जोवर तिच्यावर लादलेली बले ती अवस्था बदलायला भाग पाडत नाहीत. म्हणजे दोन हजार वर्षे विचारला गेलेला ‘गती कशामुळे टिकते’ हा प्रश्न सुटला नाही, तो रद्द झाला. गतीला कारण लागत नाही; कारण लागते ते गतीतील बदलाला.

हे वाक्य म्हणायला सोपे आहे. रोजचा अनुभव मात्र त्याच्या विरुद्ध साक्ष देत राहतो, कारण ढकलणे थांबवले की वस्तू थांबते. तेव्हा ढकलण्याचेच उदाहरण घेऊ. जमिनीवर 30 किलोग्रॅमचा खोका आहे आणि तो सरकत असताना घर्षणाचे बल 100 न्यूटन आहे. तो सेकंदाला 1 मीटर या एकसमान वेगाने न्यायचा तर मला किती बल लावावे लागेल? नेमके 100 न्यूटन. येथे हमखास कुरकुर होते: बले समान असतील तर खोका हलेल कसा? तो आधीच हलतो आहे, हेच त्याचे उत्तर. निव्वळ बल शून्य आहे, म्हणून वेग बदलत नाही. खोका जागचा हलवताना थोडा वेळ जास्त जोर लावावा लागला होता. 130 न्यूटन लावले तर निव्वळ बल 30 न्यूटन, आणि खोक्याला 1 मीटर प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण मिळते. एकदा हवा तो वेग आला की मी जे काही बल लावतो ते केवळ घर्षणाची फेड करण्यासाठी असते.

आता मी हात काढून घेतला. घर्षणाचे 100 न्यूटन तसेच आहेत, फक्त त्यांना तोंड देणारे काही उरले नाही, त्यामुळे खोका 3.3 मीटर प्रति सेकंद वर्ग या दराने मंदावतो आणि 0.3 सेकंदात, जेमतेम 15 सेंटीमीटर सरकून थांबतो. हा वेळ इतका थोडा आहे की ‘बल संपले आणि गती संपली’ असे डोळ्यांना वाटते. तोच खोका अशा पृष्ठभागावर असता, की जेथे घर्षण केवळ 2 न्यूटन आहे, तर हात काढल्यावर तो 15 सेकंद चालत राहून साडेसात मीटर गेला असता. खोका तोच, वेग तोच, हात काढून घेणेही तेच. बदलले ते फक्त थांबवणारे बल. 1977 मध्ये सोडलेले व्हॉयेजर 1 हे यान आज सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चालले आहे आणि त्याला पुढे ढकलणारे कोणतेही इंजिन चालू नाही. सूर्याचे गुरुत्वाकर्षण त्याला किंचित मागे ओढते, एवढेच.

आपली गती आहे तशी टिकवून धरण्याच्या वस्तूच्या या गुणाला जडत्व म्हणतात. त्याची पाठ्यपुस्तकी उदाहरणे म्हणजे ब्रेक लागल्यावर पुढे झुकणारे प्रवासी आणि टिचकी मारल्यावर पत्त्याखालून पेल्यात पडणारे नाणे. ती चूक नाहीत, पण ती वाचून अशी समजूत होते की जडत्व नावाचे काहीतरी प्रवाशाला पुढे फेकते. प्रवाशाला कोणीही पुढे फेकत नाही. गाडीचा वेग कमी होतो, प्रवाशाचा तेवढा कमी होत नाही. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 16.7 मीटर. टक्कर होऊन सीटबेल्टने 70 किलोग्रॅमच्या माणसाला 0.1 सेकंदात थांबवले, तर त्याच्यावर सरासरी सुमारे 11,700 न्यूटन बल येते, त्याच्या वजनाच्या 17 पट. हे भयंकर आहे, पण वाचण्याजोगे आहे. पट्टा नसेल तर माणूस त्याच वेगाने जात राहतो आणि त्याला डॅशबोर्डने 5 सेंटीमीटरच्या आत थांबवायचे असते. तेव्हा तो आकडा 280 पटींच्या पुढे जातो. इजा वेगाने होत नाही, वेग किती थोड्या अंतरात नाहीसा केला जातो त्याने होते, आणि मोटारीचा पुढचा भाग चुरगळेल असा मुद्दाम बनवतात तो हे अंतर वाढवण्यासाठीच.

मला स्वतःला या सर्वांपेक्षा हेलियमच्या फुग्याचे उदाहरण अधिक आवडते. बंद खिडक्यांच्या गाडीत दोरीने खाली बांधलेला हेलियमचा फुगा तरंगत आहे. गाडी जोरात पुढे निघाली, तर फुगा कोणीकडे झुकेल? ‘जडत्वामुळे मागे’ असे उत्तर जवळपास प्रत्येक जण देतो, आणि फुगा मात्र ऐटीत पुढे झुकतो. गाडीतील हवेलाही वस्तुमान आहे आणि तिलाही मागेच राहायचे आहे. त्यामुळे मागच्या भागात हवेचा दाब किंचित वाढतो, पुढच्या भागात किंचित कमी होतो. दाबातील हा फरक गाडीतल्या प्रत्येक घनफुटाला पुढे ढकलतो. तेथे साधी हवा असेल, तर हे बल तिला गाडीबरोबर त्वरण देण्याइतकेच असते. तेथे हेलियम असेल, तर तेवढेच बल कितीतरी कमी वस्तुमानावर पडते आणि फुगा गाडीपेक्षाही वेगाने पुढे सरकतो. ज्या कारणाने फुगा वर जातो, अगदी त्याच कारणाने तो पुढे जातो. नियम घोकून हे उत्तर येत नाही. प्रत्येक वस्तूवर कोण किती बल लावते हे शोधत गेले की येते.

पहिल्या नियमाविषयी एक शंका हुशार विद्यार्थी हमखास काढतात, आणि ती योग्यच असते. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण हा दुसरा नियम आहे, त्यात बल शून्य घातले की त्वरण शून्य येते. मग पहिला नियम वेगळा सांगायचा कशाला? उत्तरासाठी पुन्हा ब्रेक लागणाऱ्या गाडीत जावे लागते. गाडीच्या जमिनीवर ठेवलेला चेंडू ब्रेक लागताच आपणहून पुढे घरंगळू लागतो. गाडीत बसून मोजमाप करणाऱ्याच्या दृष्टीने त्याला त्वरण आहे, पण आडव्या दिशेने त्याला ढकलणारे कोणीच सापडत नाही. म्हणजे गाडीला चिकटवलेल्या संदर्भ चौकटीत दुसरा नियम लागू पडत नाही. बलाशिवाय त्वरण दिसत नाही अशा चौकटी अस्तित्वात आहेत आणि त्याच निवडून पुढचे सगळे गणित करायचे आहे, हे पहिला नियम सांगतो. त्या चौकटींना जडत्वीय चौकटी म्हणतात. पहिला नियम हा दुसऱ्याचा लहान भाऊ नव्हे. दुसरा नियम कोठे वापरायचा याची अट आहे.

मग पृथ्वी ही अशी चौकट आहे का? हा प्रश्न सोळाव्या आणि सतराव्या शतकांत फार पेटलेला होता. पृथ्वी फिरत नाही असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद बिनतोड वाटण्यासारखा होता: पृथ्वी फिरत असेल, तर उंच मनोऱ्यावरून सोडलेला दगड हवेत असताना मनोरा पूर्वेकडे सरकून जाईल आणि दगड पश्चिमेला पडेल. आकडे घालून पाहिले तर या युक्तिवादाचे वजन कळते. विषुववृत्तावर जमिनीचा वेग सेकंदाला सुमारे 465 मीटर आहे, 100 मीटर उंचीवरून दगड पडायला साडेचार सेकंद लागतात, म्हणजे तो मनोऱ्याच्या पश्चिमेला दोन किलोमीटरांहून दूर पडायला हवा. गॅलिलिओने 1632 मध्ये याला जहाजाच्या बंद खोलीचे उत्तर दिले: शांत पाण्यावर एकसमान वेगाने चाललेल्या जहाजाच्या पोटात उडणारी फुलपाखरे आणि टपकणारे पाण्याचे थेंब पाहून जहाज चालते आहे की उभे आहे हे ठरवता येत नाही. 1640 मध्ये प्येर गासँदीने मार्सेलजवळ चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड सोडवून दाखवला, आणि तो काठीच्या पायथ्याशीच पडला. दगड सोडण्यापूर्वी जहाजाबरोबर चालत होता. सोडल्यावर ती आडवी गती थांबवायला कोणी आले नाही.

या हकिकतीचा पुढचा भाग मात्र क्वचितच सांगतात. मनोऱ्यावरून सोडलेला दगड अगदी नेमका पायथ्याशीही पडत नाही. मनोऱ्याचे टोक पृथ्वीच्या अक्षापासून पायथ्यापेक्षा थोडे अधिक दूर असते, म्हणून ते पूर्वेकडे थोडे अधिक वेगाने चाललेले असते, आणि हा जादा वेग घेऊनच दगड खाली येतो. परिणामी तो पूर्वेला पडतो. 100 मीटरच्या मनोऱ्यासाठी विषुववृत्तावर हे अंतर सुमारे दोन सेंटीमीटर भरते. विरोधकांनी दगड ज्या बाजूला पडायला हवा म्हणून सांगितले होते, त्याच्या उलट बाजूला तो पडतो, आणि पृथ्वी फिरते याचा पुरावा त्या दोन सेंटीमीटरांतच आहे. पृथ्वी ही पूर्णपणे जडत्वीय चौकट नाही; रोजच्या कामापुरती ती तशी चालते.

उरला प्रश्न जडत्व मोजण्याचा. त्याचे माप म्हणजे वस्तुमान, आणि वजनाशी त्याची इतकी सरमिसळ झालेली असते की दोन्ही वेगळे करण्यासाठी कक्षेतच जावे लागते. तेथे अंतराळवीर वजनकाट्यावर उभा राहिला, तर काटा शून्य दाखवील, पण त्याला हलवणे मुळीच फुकटचे होत नाही. 1973 मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकात यासाठी स्प्रिंगवर पुढे-मागे हेलकावणारी खुर्ची नेली होती. स्प्रिंग तीच असेल, तर आंदोलनाचा काळ वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वस्तुमान चौपट झाले की एका हेलकाव्याला दुप्पट वेळ लागतो. अंतराळवीराने खुर्चीत स्वतःला घट्ट बांधून घ्यायचे, खुर्ची ओढून सोडायची आणि वेळ मोजायचा. शरीर सैल राहिले, तर ते खुर्चीबरोबर एकजीव हलत नाही आणि मोजमाप बिघडते. या साऱ्यात गुरुत्वाकर्षणाचा कोठेही संबंध येत नाही. शरीर आपली गती बदलू द्यायला किती विरोध करते, एवढेच खुर्ची विचारते.

आणि तरीही खुर्चीने दिलेला आकडा जमिनीवरच्या तराजूने दिलेल्या आकड्याशी जुळतो. तराजूचा प्रश्न अगदी वेगळा आहे: पृथ्वी या शरीराला किती जोराने ओढते? दोन असंबद्ध प्रश्नांची उत्तरे एकच यावीत, हे न्यूटनलाही खटकले असावे, कारण त्याने सोने, चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू एकसारख्या लंबकांत भरून त्यांची आंदोलने शेजारी शेजारी ताडून पाहिली, आणि हजारात एक भागाइतकाही फरक त्याला आढळला नाही. 2016 मध्ये सोडलेल्या मायक्रोस्कोप या उपग्रहात टायटॅनियमच्या आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूंचे तुकडे एकत्र पडत ठेवून हीच तुलना झाली. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम निष्कर्षांत 1 वर 15 शून्ये दिल्यावर जी संख्या होते, तिच्यातील सुमारे एका भागाच्या पातळीपर्यंत फरक दिसला नाही. न्यूटनच्या यांत्रिकीत या समानतेला काही कारण नाही, ती केवळ नोंदलेली आहे. आइन्स्टाइनने 1907 मध्ये तिचे स्पष्टीकरण शोधण्याऐवजी तिलाच गृहीतक मानले आणि गुरुत्वाकर्षणाचा विचार तेथून सुरू केला.